माशी आली की पुतळा

कमलिनीबाईंच्या वर्गात एक नियम होता आणि तो त्यांनी स्वतःच्या डोक्यानं काढलेला होता. म्हणून पुढे जे झालं, त्याचा दोष त्यांना दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता आला नाही. नियम साधा होता. मधमाशी जवळ आली की पुतळा व्हायचं. हात अंगाला चिकटलेले, तोंड बंद, पाय जमिनीत रोवलेले. बाई ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत हलायचं नाही.

शाळा भिलाईच्या रिसालीतली, हिंदी माध्यमाची, वर्ग चौथीचा, साल शहाऐंशी. बाई माहेरच्या वर्ध्याच्या. नवरा अरुणकुमार तिथल्या पोलादाच्या प्लँटच्या टाइम ऑफिसात क्लार्क, म्हणून भिलाईत आल्या आणि दहा वर्षांत हिंदीत शिकवायला, हिंदीत रागवायला आणि छत्तीसगढीत भाजीवालीशी घासाघीस करायला शिकल्या. हौशी बाई. पुस्तकात धडा चार ओळींचा असला तरी त्याला आठ दिवस लावतील, आणि मग परीक्षा आली की हेडमास्तर कपाळाला हात लावतील.

या सगळ्याला सुरुवात झाली ती कोहळ्याच्या वेलापासून. शाळेच्या मागे बाईंनी वेल लावला होता. वर्ध्याकडे ज्याला कोहळं म्हणतात, म्हणजे लाल भोपळा, त्याला तिथली पोरं मखना म्हणत. आदल्या वर्षी वेल भिंत चढून पार पलीकडे गेला, फुलांनी पिवळा झाला, सुपारीएवढी कोहळी धरली आणि एकेक करून पिवळी पडून गळाली. एकही मोठं झालं नाही. बाईंनी शेण घातलं, राख घातली, चुलीतली आणि बंबातली दोन्ही. काही उपयोग नाही. मग एक दिवस त्यांना शामसुंदरच्या दप्तरात आगपेटी सापडली. आत मेलेल्या मधमाश्या होत्या, एकतीस. पोरगा सुट्टीत चप्पल घेऊन वेलापाशी उभा राहायचा आणि फुलात शिरलेली माशी चपलेनं टिपायचा. साऱ्या शाळेत त्याचं नाव होतं.

“ये इकतीस मक्खी नहीं हैं,” बाई म्हणाल्या. “ये इकतीस मखने हैं. तूने मारे.”

शामसुंदरला ते कळलं नाही. वर्गात कुणालाच कळलं नाही. तेव्हा बाईंनी साऱ्या वर्गाला वेलापाशी नेऊन बसवलं. एक फूल दाखवलं, नुसत्या लांब देठावरचं. हे नर. दुसरं दाखवलं, ज्याच्या खाली इवलंसं कोहळं आधीच असतं. ही मादी. या फुलातली पिवळी भुकटी त्या फुलात गेली तर ते कोहळं वाढणार, नाही तर गळणार. फुलाला पाय नाहीत. मग नेणार कोण? पोरं गप्प बसून बघत राहिली आणि पंधरा मिनिटांत त्यांनी स्वतःच पाहिलं. माशी आली, पिवळी होऊन निघाली, आणि पिवळीच दुसऱ्या फुलात शिरली. मग काळा भुंगा आला. मग फुलपाखरू आलं, त्याच्याबद्दल बाईंचं मत बरं नव्हतं, पाहुण्यासारखं खाऊन जातं म्हणायच्या, पण थोडं काम तेही करतं. दुधीचं पांढरं फूल सांजेला उमलतं, त्याच्याकडे कोण येतं ते घरी बघून या, असा त्यांनी गृहपाठ दिला.

गृहपाठ एकटीनं केला. हिरानं.

हिरा म्हणजे पुंडलिकची मुलगी. पुंडलिक प्लँटमध्ये क्रेन चालवायचा आणि आई भागाबाई घरीच. मूळचे भंडाऱ्याकडचे. पोरगी वर्गात सगळ्यांशी हिंदी बोलायची, पण सुट्टीत बाई एकट्या दिसल्या की हळूच मराठीत शिरायची, जसं कुणी मागच्या दारानं घरात येतं.

“मॅडम, आमच्या लौकीवर एक पाखरू आलतं,” ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. “मोठ्ठं. बसलंच नाई. उडून राहिलं होतं आन् उडता उडताच रस पिऊन राहिलं होतं. मी हाललीच नाई. आई आवाज देऊन राहिली होती, तरी नाई हालली.”

नऊ वर्षांची पोर. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, हिला तेवढाही लागत नव्हता. सांगितलं की केलं. शिक्षकाला असं एखादं पोर मिळालं की त्याला वाटतं, आपला जन्म फुकट गेला नाही. बाईंनाही वाटलं.

पण ज्ञान वेगळं आणि भीती वेगळी. मखना कळला, भुकटी कळली, तरी माशी कानापाशी आली की पोरं हात झाडायची. हात झाडले की माशी चावायची, चावली की चप्पल निघायची. तेव्हा बाईंना खेळ सुचला. गल्लीगल्लीत पोरं स्टॅच्यू खेळत होतीच. कुणी म्हणायचं ‘स्टॅच्यू’, की पुढचा थिजायचा, आणि ‘ओव्हर’ म्हटलं की सुटायचा. बाईंनी तोच खेळ वर्गात आणला. ‘मधुमक्खी’ म्हटलं की सगळ्यांनी पुतळा. हलला तो आउट. आणि खेळ रंगावा म्हणून बाई पोरांना फसवायच्या. मध्येच ओरडायच्या, “भागो, साँप आया.” जो पळाला तो आउट. शामसुंदर दर वेळी पहिला पळायचा आणि दर वेळी खो खो हसायचा. हिरा कधीच नाही. एकदा खरी माशी तिच्या गालावर बसली, नाकापर्यंत चालत गेली, वर्ग श्वास रोखून बघत राहिला. बाई “भाग, हिरा, भाग” म्हणून ओरडल्यासुद्धा, तिची परीक्षा बघायला. पोरगी ढिम्म. फळ्याच्या कोपऱ्यात विजेती म्हणून तिचं नाव चार आठवडे होतं.

चपला थांबल्या. त्या वर्षी वेलाला सात कोहळी धरली. बाई ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या.

दिवाळीनंतर मैदानाच्या कडेच्या पाण्याच्या टाकीला खालून मोहोळं लागली. आग्या मोहोळ, तिथल्या बोलीत भँवर. चार, काळी, सुपाएवढी. शाळेचा प्यून दयाराम जवळच्याच गावचा माणूस होता. त्यानं एक दिवस बाईंना टाकीकडे बोट करून सांगितलं, “मैडम, वो ऊपर वाली भँवर है. आपके फूल वाली नहीं. इसकी जात अलग है. बच्चों को बता दो.”

“वो ऊपर, हम नीचे,” बाई हसून म्हणाल्या. “छेड़ेंगे नहीं तो क्यों आएगी.”

बाईंच्या वडिलांकडे वर्ध्याला मधमाश्यांची पेटी होती. गरीब माश्या, पेटीचं झाकण काढलं तरी कुणाला काही करत नसत. बाईंना माशी म्हणजे तीच ठाऊक. अर्धी गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाला बाकीची अर्धी विचारावीशी वाटत नाही. दयारामला अजून काही सांगायचं होतं, पण घंटेची वेळ झाली आणि तो गेला.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला पोरं मैदानात पीटीला उभी होती. बाई हजेरी विसरल्या म्हणून वर्गात गेल्या. तेवढ्यात एका घारीनं टाकीखालच्या मोहोळावर झडप घातली, पोळ्याचा तुकडा तोडला आणि उडून गेली. घारीला कोण बोलणार. उरलेलं मोहोळ खाली आलं.

बाईंनी हजेरी काखेत मारली आणि त्यांना गलका ऐकू आला. व्हरांड्यात आल्या तर पोरं किंचाळत वर्गाकडे धावत होती, शामसुंदर सगळ्यांच्या पुढे. आणि मैदानाच्या मध्यभागी हिरा उभी होती. हात अंगाला, पाय जुळलेले, मान ताठ. तिचा चेहरा दिसत नव्हता, कारण तो माश्यांनी झाकलेला होता.

बाई ओरडल्या. “पळ हिरा. भाग, हिरा, भाग.” घसा फाटेपर्यंत ओरडल्या. पोरगी उभीच. बाई मैदानात उतरल्या, हातावर, मानेवर डंख बसले, डोळ्यांपुढे काही दिसेना. त्यांच्या बाजूनं दयाराम धावला. वर्गातली टाटपट्टी, पोरं बसतात ती लांब गोणपाटाची पट्टी, त्यानं हिराला गुंडाळली आणि तिला उचलून आत आणलं. रस्त्यावरून प्लँटची जीप जात होती, ती बाईंनी आडव्या येऊन थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुया टोचल्या, सलाईन लावलं. सूज घशापर्यंत गेली होती, पण तासाभरात श्वास सुधारला. दोन नर्स चिमट्यानं काटे काढत बसल्या होत्या. दोनशेनंतर त्यांनी मोजणं सोडलं. मग डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी बाईंना आणि भागाबाईला समोर उभं करून सांगितलं.

“साँस ठीक है. अब डर गुर्दे का है, किडनी का. इतना ज़हर गुर्दे में जाता है. बोतल पर बोतल पानी अंदर जा रहा है, बाहर आना चाहिए. पेशाब हो गया, और रंग साफ़ रहा, तो बच्ची बच गई समझो. पाँच बजे तक नहीं हुआ तो नली डालेंगे. नली से भी नहीं आया तो नागपुर की डायलिसिस मशीन के सिवा चारा नहीं, और रास्ता लंबा है.”

म्हणजे एका पोरीचा जीव आता एवढ्याशा गोष्टीवर येऊन थांबला, जिच्यासाठी वर्गात रोज दहा पोरं करंगळी वर करतात आणि बाई त्यांना खाली बसायला सांगतात.

बारा वाजले. काही नाही. एक वाजला. भागाबाई खाटेच्या कडेला बसून होती, दर दहा मिनिटांनी चादरीखाली हात घालायची आणि कोरडा हात बाहेर काढायची. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत सुजला होता. नर्सनं इंजेक्शन देते म्हटलं तर त्यांनी आधी ऐकलंच नाही.

“तुमीच शिकवलं ना तिले, हालू नोको म्हणून?” भागाबाईनं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“मीच शिकवलं.”

“घरी बी तेच करे. ताटावर माशी बसली का पुतळा. मी म्हणे, कावून अशी बसून राहिली व? तर म्हणे, आई, मॅडम म्हणते हे माशी नसली तर आपल्याले जेवाले भेटणार नाई.” भागाबाईनं पुन्हा चादरीखाली हात घातला. “मले बी पटलं होतं.”

बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी म्हणतात ते उगीच नाही म्हणत. त्यांना आठवत होतं ते एकच. बाकी सगळी पोरं वाचली. ज्यांनी ऐकलं नाही ती वाचली. शामसुंदरला कानावर दोन डंख, बस. आणि जिनं एकेक शब्द जपला ती इथे. इतकी वर्षं शिकवून हे फळ आलं. असं शिकवण्यापेक्षा चूल फुंकली असती तर कुणाचं नुकसान झालं नसतं.

दोन वाजता पुंडलिक आला. शिफ्टवर निरोप गेला होता. डोक्यावर हेल्मेट तसंच, पायात जड बूट. त्यानं पोरीकडे पाहिलं आणि भिंतीला टेकला. पोरीचे डोळे मिटलेले, ओठ सुजून बाहेर आलेले, कपाळ ओळखू न येणारं. मग तो बाहेर आला.

“वस्तीतले लोक म्हणून राहिले का उद्या टाकीखाली मशाल लावतो. समदे मोहोळ जाळून टाकतो. तुमचा वेल बी उपटून टाकतो म्हणत.” त्यानं हेल्मेट काढलं. “मॅडम, मले एकच सांगा. तुमी पोरायले सांगत होते ते खोटं होतं का?”

जाळा म्हणावं, असं बाईंच्या ओठांवर आलं. मोहोळ जाळा, वेल उपटा, फळा फोडा. त्या क्षणी त्यांना माशीचा, फुलाचा, कोहळ्याचा, सगळ्याचा मनापासून तिटकारा आला होता. पण माणूस सरळ विचारत होता.

“खोटं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “अर्धं होतं. फुलावरची एकटी माशी आली तर उभं राहायचं, हे खरं. मोहोळ उठलं तर पळायचं, हे मी सांगितलंच नाई. मलेच ठाऊक नव्हतं. दयारामनं सांगितलं, मी हसली.”

पुंडलिकनं मान हलवली. त्यानं बाईंना शिवी दिली नाही, माफही केलं नाही. पुन्हा आत जाऊन भिंतीला टेकला.

तीन वाजले. चार वाजले. सलाईनची बाटली बदलली. डॉक्टर येऊन पोट दाबून गेले, त्यांनी नर्सला हळू आवाजात नळी तयार ठेवायला सांगितली. “बदन बहुत कड़ा है,” ते म्हणाले. “हाथ देखो. मुट्ठी खुल ही नहीं रही. ज़हर का असर होगा.” बाईंनी दारातून पाहिलं. हिराचे दोन्ही हात अंगाला चिकटलेले होते, मुठी आवळलेल्या. बाई वळल्या आणि बाकावर बसल्या. त्यांची साऱ्या देवांची नावं घेऊन झाली होती. ज्यांना आजवर कधी हात जोडले नव्हते त्यांचीही.

पाचला पंधरा मिनिटं असताना दयाराम आला. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. मलम लावून घेऊन तो परत शाळेत गेला होता. सगळी पोरं घरी पोचवून, वर्गांना कुलपं लावून मगच आला. बाईंच्या शेजारी जमिनीवर उकिडवा बसला.

“मैडम, मैं पेड़ के नीचे था, मैंने देखा,” तो म्हणाला. “किसी ने चिल्लाया ‘मधुमक्खी’. तो सब के सब खड़े हो गए. अड़तीस के अड़तीस. पत्थर जैसे. फिर काटा तो सब भागे. वही नहीं भागी.” तो थांबला. “मैंने टाटपट्टी डाली, उठाया, तो होंठ बंद रखके क्या बोली मालूम? बोली, चाचा, मत उठाओ. मैं आउट हो जाऊँगी.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो आणखी काहीतरी सांगत होता, ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांना मैदानातला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. भाग हिरा, भाग. अगदी तेच शब्द. पोरीची परीक्षा बघायला जे शब्द त्या हसत हसत ओरडायच्या, तेच त्यांनी जीव तोडून ओरडले होते. फसवायचे शब्द. हिराच्या लेखी बाई तिला फसवत होत्या, आणि हिरा फसणारी नव्हती. तिला सोडवणारा शब्द एकच होता आणि तो सकाळपासून कुणीही म्हटला नव्हता.

त्या उठल्या. आत नर्सनं ट्रेमध्ये नळी काढली होती. डॉक्टर हात धूत होते. बाई खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या, वर्गात फळ्यासमोर उभ्या राहायच्या तशा. भागाबाईनं वर पाहिलं.

“काय करून राहिले तुमी?”

बाईंनी आवाज लावला, तोच वर्गातला, मागच्या रांगेपर्यंत जाणारा.

“हिरा. ओव्हर.”

काही झालं नाही. नर्सनं डॉक्टरांकडे पाहिलं.

“हिरा, मॅडम बोलून राहिली. खेळ संपला बेटा. ओव्हर.”

आधी उजवी मूठ सुटली. एकेक बोट, सुजलेलं, हळूहळू. मग डावी. खांदे खाली आले. छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला, आणि कितीतरी तासांनी ते इवलंसं अंग गादीवर टेकलं. भागाबाईनं सवयीनं चादरीखाली हात घातला आणि तो तसाच ठेवला. तिचं तोंड उघडं राहिलं.

“वल्लं हाय,” ती म्हणाली. “अवो, वल्लं हाय हे.”

नर्सनं चादर दूर केली. पांढरी चादर कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजत चालली होती. डॉक्टर वाकले, रंग पाहिला, खिडकीच्या उजेडाकडे चादरीचा कोपरा धरून पुन्हा पाहिला. मग त्यांनी नळीचा ट्रे बाजूला सरकवला. पुंडलिक भिंतीला टेकला होता तो घसरत खाली बसला आणि हेल्मेटमध्ये तोंड घालून रडला.

हिराचा एक डोळा फटीएवढा उघडला. तिला कोण दिसलं, किती दिसलं, कोण जाणे. ओठ हलत नव्हते नीट, तरी शब्द कळले, कारण ती मराठीत बोलत होती, सगळ्यांसमोर.

“मॅडम, मले सू झाली. मी आउट झाली का?”

“नाई,” बाई म्हणाल्या. त्यांनी सुजल्या हातानं तिचा पाय धरला. “तू नाई, बेटा. मी झाली.”